मेगाबिटपासून ई-१पर्यंत : डेटाचा वेग जुन्या टेलिकॉम एककांत कसा मांडावा

नेटवर्क विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या टेबलावर कधी ना कधी असा कागद येतो, ज्याच्या एका रकान्यात ‘दर सेकंदाला १ मेगाबाइट’ अशी गरज लिहिलेली असते आणि शेजारच्या रकान्यात ‘ई-१ किती लागतील?’ एवढाच प्रश्न असतो. ई-१ म्हणजे सेकंदाला २.०४८ मेगाबिट नेणारी टेलिकॉमची लाइन. नवखा माणूस कॅल्क्युलेटर काढतो, त्या मेगाबाइटचे ८ मेगाबिट करून ८ ला २.०४८ ने भागतो, उत्तर ३.९ आले म्हणून ‘४’ लिहितो आणि कागद पुढे सरकवतो. लाइन सुरू झाल्यावर मात्र फाइल ठरल्या वेळेत पोहोचत नाही, तक्रार येते आणि मग कळते की तेथे ५ हा आकडा हवा होता. भागाकारात काहीच चुकलेले नसते. चुकलेले असते ते भागाकाराच्या आधीचे काम, म्हणजे ज्या बिटांना भागायचे आणि ज्या बिटांनी भागायचे ती दोन्ही एकाच पातळीवरची आहेत की नाहीत हे तपासणे.

ई-१ आणि तिच्याहून बरीच मोठी डीएस-३, एसटीएम-१ ही एकके जुनी असली तरी व्यवहारातून पूर्णपणे गेलेली नाहीत. कॉल सेंटरची पीआरआय लाइन (एका ई-१ वर अनेक टेलिफोन संभाषणे नेणारी), विजेच्या उपकेंद्रांमधील संरक्षणाचे सिग्नल, रेल्वेची जुनी नियंत्रण-सर्किटे आणि वर्षानुवर्षे नूतनीकरण होत आलेली कंत्राटे यांत ती अजून भेटतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००५ मध्ये देशांतर्गत लीज्ड सर्किटांचे, म्हणजे कायमस्वरूपी भाड्याने घेतलेल्या लाइनींचे, कमाल दर ठरवले तेही ई-१, डीएस-३ आणि एसटीएम-१ याच क्षमतांसाठी ठरवले होते. त्यामुळे जुना करार वाचायचा असो किंवा जुन्या सर्किटच्या जागी नवी इथरनेट लाइन घ्यायची असो, हा हिशेब दोन्ही दिशांनी करता यावा लागतो.

पहिली पायरी : बिट की बाइट, आणि हजार की एक हजार चोवीस

फाइल, डिस्क आणि बॅकअप यांची मोजणी बाइटमध्ये होते. लाइनची मोजणी नेहमी बिटमध्ये होते. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही सर्वाधिक चुका येथेच होतात. इंग्रजी लिपीत निदान मोठे ‘बी’ बाइटसाठी आणि छोटे ‘बी’ बिटसाठी असा संकेत आहे, जरी तो पाळला जातोच असे नाही. देवनागरीत तर मोठे-छोटे अक्षर हा प्रकारच नसल्यामुळे ‘एमबी’ असे लिहिलेले वाचून काहीही उलगडत नाही. म्हणून टिपणात, निविदेत आणि ई-मेलमध्ये ‘मेगाबिट’ किंवा ‘मेगाबाइट’ असा पूर्ण शब्दच लिहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

या सूचनेमागे एक जुना प्रसंग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ग्राहकाच्या पत्रात ‘टू-एमबी लाइन’ अशी मागणी आली. मी ती दर सेकंदाला २ मेगाबाइट समजलो, आठने गुणून १६ मेगाबिट केले, आणि नऊ ई-१ चे दरपत्रक पाठवून दिले. एक्स्चेंजमधील माणसे ई-१ लाच ‘टू-एमबी’ किंवा नुसते ‘स्ट्रीम’ म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हते. ग्राहकाला एकच ई-१ हवी होती. सुदैवाने त्याने आकडा पाहताच फोन केला आणि प्रकरण हसण्यावारी गेले. पण दरपत्रक मंजूर करणारा माणूस दुसरा कोणी असता, तर ते तसेच पुढे गेले असते.

आता हजाराचा प्रश्न. लाइनच्या जगात किलो म्हणजे १,००० आणि मेगा म्हणजे १०,००,००० एवढेच. तेथे १,०२४ कधीही येत नाही. ६४ किलोबिटची लाइन म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट, ६५,५३६ नव्हेत. ई-१ चा वेग २,०४८ किलोबिट आहे हे पाहून अनेकांना ते ‘दोन गुणिले १,०२४’ वाटते आणि ई-१ म्हणजे ‘संगणकी हिशेबाने बरोबर २ मेगाबिट’ असा समज होतो. परंतु तो आकडा ३२ गुणिले ६४ असा आलेला आहे आणि १,०२४ शी त्याचा काहीही संबंध नाही. फाइलच्या बाजूला मात्र गोंधळ खरा आहे. डिस्क बनवणारे गीगाबाइट १०० कोटी बाइटांचा धरतात, तर विंडोजसारखी प्रणाली तोच शब्द वापरून १,०७,३७,४१,८२४ बाइट मोजते. मेगाच्या पातळीवर हा फरक सुमारे ४.९ टक्के, गीगाच्या पातळीवर ७.४ टक्के आणि टेराच्या पातळीवर जवळजवळ १० टक्के होतो. एवढा फरक एक जादा ई-१ लागायला पुरेसा असतो, हे पुढील उदाहरणात दिसेल.

या पायरीचे काम एकच : जी काही गरज दिली असेल ती ‘दर सेकंदाला इतके मेगाबिट’ अशा एका ओळीत, दशमान पद्धतीने लिहून ठेवावी आणि तिच्या शेजारी मूळ आकडा कोणत्या एककात होता तेही नोंदवावे.

दुसरी पायरी : ६४ किलोबिटची वीट

ही सारी जुनी एकके डेटासाठी जन्मलेली नाहीत. ती आवाजासाठी जन्मलेली आहेत. टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज पाठवला जातो. तो पट्टा ४,००० हर्ट्झपर्यंतचा धरला, तर त्याचे नमुने सेकंदाला निदान ८,००० वेळा घ्यावे लागतात, आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला की ६४,००० बिट होतात. दोन नमुन्यांमधील अंतर १२५ मायक्रोसेकंद. आवाज असा अंकांत मांडण्याची कल्पना ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मांडली, पण ती परवडण्याजोगी व्हायला ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. ६४ किलोबिटची ही वाट म्हणजे डीएस-०, आणि पुढची सगळी एकके याच विटेची बांधकामे आहेत. ८,००० हा आकडा लक्षात राहिला तर उरलेले जवळजवळ सर्व वेग कागदावर मांडून काढता येतात, कारण १२५ मायक्रोसेकंदांच्या एका फ्रेममध्ये किती बिट मावतात एवढेच विचारायचे असते.

अमेरिकेत बेल सिस्टिमने १९६२ मध्ये टी-१ सुरू केली. तिच्या एका फ्रेममध्ये २४ वाटांचे प्रत्येकी ८ बिट आणि फ्रेम ओळखण्यासाठी १ जादा बिट असे १९३ बिट असतात. १९३ गुणिले ८,००० म्हणजे १.५४४ मेगाबिट. वाटा चोवीसच का, याचे उत्तर थोडे मातीत दडलेले आहे. जुन्या तांब्याच्या केबलवर दर ६,००० फुटांवर लोडिंग कॉइल, म्हणजे आवाज क्षीण होऊ न देणाऱ्या गुंडाळ्या, बसवलेल्या असत, त्याच मॅनहोलमध्ये सिग्नल ताजा करून पुढे पाठवणारे नवे रिपीटर बसवायचे होते, आणि तेवढ्या अंतरात साधारण दीड मेगाबिट विश्वासाने पोहोचत होते. युरोपने पुढे आपली वेगळी रचना केली : ३२ वाटा, एका फ्रेममध्ये २५६ बिट, म्हणजेच २.०४८ मेगाबिट. भारताने युरोपची रचना स्वीकारली. म्हणून पुण्यातील कार्यालय ई-१ म्हणते, त्याच कंपनीचे न्यू जर्सीतील कार्यालय टी-१ म्हणते, आणि दोघांच्या बैठकीत ‘एक लाइन’ या शब्दाचे दोन अर्थ होतात.

तिसरी पायरी : एकाच लाइनचे तीन आकडे

हा लेखाचा मुख्य भाग आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

ई-१ च्या ३२ वाटांना टाइमस्लॉट म्हणतात आणि त्यांची गणना शून्यापासून एकतीसपर्यंत होते. टाइमस्लॉट शून्यात फ्रेमची ओळख पटवणारी खूण असते. पलीकडचे यंत्र ही खूण पाहूनच फ्रेम कोठे सुरू झाली हे ठरवते, त्यामुळे या वाटेवर डेटा पाठवता येत नाही. टाइमस्लॉट सोळा टेलिफोनच्या सिग्नलिंगसाठी राखलेला असतो, म्हणजे कोणी फोन उचलला, कोणता क्रमांक फिरवला, कोणी ठेवला ही माहिती तेथून जाते. पीआरआय लाइनवर एका वेळी ३२ नव्हे, तर ३० संभाषणे होतात ती यामुळे. डेटासाठी घेतलेल्या लाइनवर सिग्नलिंग नसते, म्हणून सोळावा टाइमस्लॉट बहुधा मोकळा करून दिला जातो.

परिणामी एका ई-१ चे तीन आकडे होतात. तारेवरचा वेग २.०४८ मेगाबिट. शून्य वगळून ३१ टाइमस्लॉट मिळाले तर १.९८४ मेगाबिट. सोळावाही राखीव असेल तर ३० टाइमस्लॉट, म्हणजे १.९२० मेगाबिट. याशिवाय अनफ्रेम्ड ई-१ असा एक प्रकार आहे, ज्यात दोन्ही टोकांची यंत्रे फ्रेमच बनवत नाहीत आणि पूर्ण २.०४८ मेगाबिट डेटासाठी वापरतात. परंतु वाटेत ६४ किलोबिटच्या पातळीवर वाटा अदलाबदल करणारे यंत्र असेल तर त्याला ही लाइन कळत नाही, म्हणून ती सर्वत्र मिळत नाही.

आपल्याकडे यांपैकी कोणता प्रकार आहे हे करारावरून क्वचितच समजते. दरपत्रकात सर्वांचे नाव ‘२ मेगाबिट’ असेच असते. अशा वेळी राउटरलाच विचारावे. ई-१ च्या सीरियल इंटरफेसची माहिती पडद्यावर आणली की तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या आसपास बँडविड्थचा आकडा दिसतो : तेथे १९८४ किलोबिट असेल तर ३१ टाइमस्लॉट आहेत, २०४८ असेल तर लाइन अनफ्रेम्ड आहे. हा आकडा कोणी हाताने बदललेला असू शकतो, त्यामुळे संरचनेत टाइमस्लॉट १ ते ३१ अशी ओळ आहे का हेही पाहून घ्यावे. दोन टोकांना वेगवेगळे आकडे भरलेले असतील, तर लाइनचा हिरवा दिवा लागलेला असूनही डेटा जात नाही, आणि असा दोष शोधण्यात अख्खी दुपार सहज जाते.

टी-१ लाही हेच लागू आहे. १.५४४ मधून फ्रेमच्या बिटाचे ८ किलोबिट वजा केले की १.५३६ मेगाबिट उरतात. अमेरिकेतील जुन्या पद्धतीत सिग्नलिंगसाठी वेगळी वाट नव्हती. प्रत्येक सहाव्या फ्रेममध्ये प्रत्येक वाटेचा शेवटचा बिट काढून घेतला जाई. आवाजात हे ऐकू येत नाही, पण डेटाचा मात्र नाश होतो, म्हणून डेटासाठी तो बिट कायमचाच सोडून देत आणि प्रत्येक वाटेवर ६४ ऐवजी ५६ किलोबिट उरत. जुन्या अमेरिकी कागदपत्रांत ५६ किलोबिटची लीज्ड लाइन आणि आपल्याकडच्या कागदपत्रांत ६४ ची का दिसते, याचे कारण एवढेच आहे. भारतातील ई-१ अमेरिकेतील टी-१ ला जोडायची असेल, तर दोन्हीकडे समान असलेल्या चोवीस वाटाच वापरता येतात, आणि तेव्हा आपल्या ई-१ चा उपयोगी वेगही १.५३६ मेगाबिटच धरावा.

चौथी पायरी : आकड्यांची यादी हाताशी ठेवणे

खालील आकडे तारेवरच्या वेगाचे आहेत, सर्व दर सेकंदाला मेगाबिटमध्ये.

डीएस-० : ०.०६४
टी-१ : १.५४४
ई-१ : २.०४८
ई-२ : ८.४४८
ई-३ : ३४.३६८
डीएस-३, म्हणजेच टी-३ : ४४.७३६
ई-४ : १३९.२६४
एसटीएम-१, म्हणजेच अमेरिकेतील ओसी-३ : १५५.५२
एसटीएम-४, ओसी-१२ : ६२२.०८
एसटीएम-१६, ओसी-४८ : २,४८८.३२
एसटीएम-६४, ओसी-१९२ : ९,९५३.२८

बोलण्यात ई-३ ला ‘चौतीस’, डीएस-३ ला ‘पंचेचाळीस’ आणि एसटीएम-१ ला ‘एकशे पंचावन्न’ म्हणतात. ई-२ ची लाइन प्रत्यक्षात विकत घेतलेली मी कधी पाहिली नाही. ती मक्सच्या, म्हणजे अनेक लाइनी एकत्र करणाऱ्या यंत्राच्या, पोटातच राहते.

पाचवी पायरी : भागाकार, आणि वरच्या पूर्णांकाकडे जाणे

सुरुवातीच्या कागदाकडे परत जाऊ. १ मेगाबाइट, दशमान हिशेबाने, म्हणजे ८ मेगाबिट. ८ भागिले २.०४८ बरोबर ३.९०६, म्हणून ४ ई-१. परंतु फ्रेम असलेल्या चार ई-१ मिळून ७.९३६ मेगाबिटच होतात, म्हणजे गरजेपेक्षा ६४ किलोबिटने कमी. ८ भागिले १.९८४ बरोबर ४.०३, आणि अपूर्णांक कितीही छोटा असला तरी लाइन अर्धी विकत मिळत नसल्याने उत्तर ५ होते. शेजारचा अनुभवी माणूस ‘तीन शतांशासाठी पाचवी लाइन कशाला’ असे म्हणेल आणि काही वेळा त्याचे म्हणणे बरोबरही असेल. पण तो निर्णय पैशाचा आहे, गणिताचा नव्हे, आणि तो घेणाऱ्याच्या समोर दोन्ही आकडे असले पाहिजेत.

अजून एक थर शिल्लक आहे. फाइलचे बाइट लाइनवर उघडे जात नाहीत. ते पाकिटांत जातात आणि प्रत्येक पाकिटाला वेष्टन असते. १,५०० बाइटांच्या नेहमीच्या पाकिटात आयपी आणि टीसीपी यांची शीर्षके ४० बाइट घेतात, फाइलचे १,४६० बाइट उरतात. आणि ते पाकीट पीपीपी पद्धतीने लाइनवर चढवताना आणखी ८ बाइट लागतात. म्हणजे १,५०८ बाइट पाठवले तेव्हा १,४६० पोहोचले, सुमारे ९६.८ टक्के. ८ मेगाबिटला ०.९६८ ने भागले की ८.२६ मेगाबिट होतात, आणि आता अनफ्रेम्ड लाइन घेतली तरी भागाकार ४.०३५ येतो. फाइलचा वेग मोजायचा असेल तर ४ हे उत्तर कोणत्याही मार्गाने येत नाही.

उलट दिशेने हाच हिशेब फार उपयोगी पडतो. एका फ्रेम असलेल्या ई-१ वरून फाइल जास्तीत जास्त कोणत्या वेगाने उतरेल? १.९८४ गुणिले ०.९६८, भागिले ८ : सेकंदाला सुमारे २४० किलोबाइट. वापरकर्ता ‘दोन एमबीची लाइन आहे आणि दोनशे चाळीसच दिसतात’ अशी तक्रार घेऊन आला, तर लाइन पूर्ण वेगाने चालली आहे हे त्याला शांतपणे समजावून सांगता येते.

आता थोडे मोठे उदाहरण. रात्री आठ तासांत १०० गीगाबाइटचा बॅकअप दुसऱ्या शहरात न्यायचा आहे. आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. १०० गीगाबाइट दशमान हिशेबाने ८०० अब्ज बिट, भागाकार २७.७८ मेगाबिट. वेष्टनासाठी ०.९६८ ने भागले की २८.७० मेगाबिट, आणि १.९८४ ने भागले की १४.४६, म्हणजे १५ ई-१. पण बॅकअपचा आकडा विंडोजच्या खिडकीतून उतरवलेला असेल, तर ते १०० गीगाबाइट प्रत्यक्षात १०७ अब्जांहून अधिक बाइट असतात, गरज ३०.८१ मेगाबिटवर जाते आणि भागाकार १५.५३, म्हणजे १६ ई-१ लागतात. पहिल्या पायरीवर न विचारलेला एक प्रश्न येथे एका लाइनच्या मासिक भाड्याएवढा महाग पडतो. या जागी मी स्वतः मात्र पंधरा काय किंवा सोळा काय, ई-१ ची मोळी बांधण्यापेक्षा एक ई-३ सुचवीन. तिचा उपयोगी वेग ३४ मेगाबिटच्या आसपास आहे, राउटरवर सोळाऐवजी एकच पोर्ट लागते, आणि सोळा लाइनींपैकी कोणती अधूनमधून तुटते हे शोधत बसावे लागत नाही.

हा हिशेब रात्रीच्या बॅकअपचा आहे, जेथे लाइन पूर्ण भरून चालवली तरी कोणाची हरकत नसते. दिवसा माणसे जिच्यावर काम करतात ती लाइन काठोकाठ भरू देऊ नये. अशा ठिकाणी मी आलेल्या आकड्याला ०.८ ने भागून मगच लाइन मोजतो. हा नियम नव्हे, सवय आहे.

सहावी पायरी : मोठ्या एककांत छोटी एकके भागाकाराने मावत नाहीत

एका एसटीएम-१ मध्ये किती ई-१? कॅल्क्युलेटर ७५ सांगतो. खरे उत्तर ६३ आहे, आणि ते न जुळल्यामुळे नव्या माणसांची फार दमछाक होते.

एसटीएम-१ ची फ्रेम ९ ओळी आणि २७० स्तंभ अशी आखलेली असते. २,४३० बाइट, प्रत्येकी ८ बिट, सेकंदाला ८,००० वेळा, असा १५५.५२ चा हिशेब जुळतो. या चौकटीतील पहिले ९ स्तंभ व्यवस्थेसाठी जातात आणि आणखी एक स्तंभ वाटेच्या देखरेखीसाठी जातो, मग मालासाठी १४९.७६ मेगाबिट उरतात. त्या जागेत ई-१ ठेवताना प्रत्येकीला तिच्या वेगापेक्षा थोडा मोठा डबा दिला जातो, कारण दोन यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि मागे-पुढे सरकायला जागा ठेवावी लागते. असे ३ डबे एका गटात, ७ गट एका मोठ्या गटात आणि ३ मोठे गट एका एसटीएम-१ मध्ये ठेवले जातात. तीन गुणिले सात गुणिले तीन, म्हणजे ६३. याच चौकटीत टी-१ मात्र ८४ मावतात, कारण तिचा डबा छोटा असल्याने एका गटात ४ बसतात.

जुन्या पीडीएच पद्धतीची, म्हणजे ई-१ ते ई-४ या मालिकेची, उतरंड निराळी आहे. ४ ई-१ ची एक ई-२, ४ ई-२ ची एक ई-३ आणि ४ ई-३ ची एक ई-४. म्हणजे ई-३ मध्ये १६ ई-१ आणि ई-४ मध्ये ६४. सोळा ई-१ चा एकत्रित वेग ३२.७६८ असूनही ई-३ चा वेग ३४.३६८ आहे, कारण प्रत्येक थरावर जुळवाजुळवीचे बिट मिसळले जातात. गंमत अशी की एक पूर्ण ई-४ एसटीएम-१ च्या पोटात सरळ ठेवता येते, म्हणून जुन्या मार्गाने गेल्यास एका एसटीएम-१ वरून ६४ ई-१ जातात आणि नव्या, अधिक सुबक मार्गाने ६३. त्याउलट एसटीएम-१ मध्ये ई-३ तीनच मावतात, म्हणून ई-१ आधी ई-३ मध्ये भरून मग एसटीएम-१ मध्ये टाकल्या तर ४८ च जातात. त्यामुळे ‘एसटीएम-१ आहे, किती ई-१ निघतील?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ‘कोणत्या मक्समधून?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

डीएस-३ मध्ये २८ टी-१ मावतात आणि तिचा उपयोगी वेग सुमारे ४४.२ मेगाबिट आहे. डीएस-३ मध्ये ई-१ भरायच्या झाल्यास त्या २१ बसतात.

सातवी पायरी : छोटी पाकिटे असतील तर हिशेब नव्याने

वर वेष्टनाचा खर्च तीन-साडेतीन टक्के धरला, तो मोठ्या पाकिटांसाठी आहे. आवाज आयपीवरून पाठवताना पाकिटे अगदी छोटी असतात आणि तेथे हा आकडा वापरल्यास फसगत होते. जी-७११ या आवाज अंकांत मांडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत २० मिलिसेकंदांचा आवाज म्हणजे १६० बाइट. त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी यांची मिळून ४० बाइट शीर्षके, आणि पीपीपीचे ८ बाइट. एकूण २०८ बाइट, सेकंदाला ५० वेळा, म्हणजे एका संभाषणाला एका दिशेने ८३.२ किलोबिट. १,९८४ भागिले ८३.२ बरोबर २३.८, आणि येथे पूर्णांक खालचा घ्यायचा : २३ संभाषणे. जी ई-१ पीआरआय म्हणून ३० संभाषणे सहज नेत होती, तीच आयपीवर आणल्यावर २३ नेते. जी-७२९ सारख्या दाबून पाठवणाऱ्या पद्धतीत आवाजाचे फक्त २० बाइट असतात, एका संभाषणाला २७.२ किलोबिट लागतात आणि ७२ संभाषणे मावतात. मात्र तेथे आवाजाच्या २.४ पट डेटा वेष्टनातच जातो. टेलिफोन प्रणाली बदलताना ‘लाइन तीच ठेवा’ असा आदेश आला, तर हे दोन आकडे आधी दाखवावेत.

इथरनेटकडे जाताना

हल्ली उलटा प्रश्न अधिक येतो : १० मेगाबिटची इथरनेट लाइन म्हणजे किती ई-१? येथेही मार्ग विचारावा लागतो. राउटरने स्वतंत्र ई-१ एकत्र बांधल्या असतील, तर १० भागिले १.९८४ बरोबर ५.०४, म्हणून ६. परंतु सेवा देणाऱ्याने इथरनेट थेट एसडीएचच्या, म्हणजे एसटीएम-१ च्या मालिकेच्या, डब्यांत भरले असेल, तर ई-१ चा मोठा डबा पूर्ण वापरात येतो; त्यात २.१७६ मेगाबिट मावतात, पाच डब्यांत १०.८८, आणि उत्तर ५ येते. एका गीगाबिटसाठी अशाच पद्धतीने एसटीएम-१ एवढे ७ मोठे डबे जोडतात, १४९.७६ गुणिले ७ म्हणजे १,०४८.३२ मेगाबिट. दहा गीगाबिटच्या बाबतीत मात्र नावाला भुलू नये : एसटीएम-६४ ला सर्रास ‘टेन-जी’ म्हणतात, पण तिचा वेग ९.९५३ गीगाबिट असल्याने पूर्ण दहा गीगाबिट इथरनेट तिच्यात बसत नाही.

जुन्या सीरियल पोर्टचा आकडा हाती आला, तर त्याला ८ ने नव्हे, १० ने भागावे, कारण तेथे प्रत्येक बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा असा एकेक जादा बिट लागतो. ९,६०० बिटांचा पोर्ट सेकंदाला ९६० अक्षरे नेतो.

आणि टेबलावरचा तो कागद भरताना रकान्यात नुसते ‘५’ न लिहिता पुढीलप्रमाणे लिहावे : ‘गरज १ मेगाबाइट, दशमान, फाइलचा निव्वळ वेग ८ मेगाबिट, वेष्टनासह ८.२६ मेगाबिट, फ्रेम असलेल्या ई-१, ३१ टाइमस्लॉट, प्रत्येकी १.९८४ मेगाबिट, एकूण ५, प्रत्यक्ष मिळणारा वेग सेकंदाला सुमारे १.२ मेगाबाइट.’ रकाना लहान असेल तर कागदाच्या मागच्या बाजूला लिहावे.